लॅबचं मशीन, हॉस्पिटलचं सॉफ्टवेअर आणि मधली तार: जोडणीचं काम पहिल्यांदा हातात घेताना

नाशिकच्या मुंबई नाक्याजवळच्या एका हॉस्पिटलात सीबीसीचा, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीचा रिपोर्ट कसा तयार होतो ते मी एकदा घड्याळ लावून पाहिलं. तिसऱ्या मजल्यावर सिस्टरांनी चिठ्ठी लिहिली. मावशी ती चिठ्ठी आणि जांभळ्या झाकणाची ट्यूब घेऊन तळमजल्यावरच्या लॅबमध्ये आल्या. टेक्निशियन ताईंनी पेशंटचं नाव लॅबच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप केलं, मग सेल काउंटरवर, म्हणजे पेशी मोजणाऱ्या मशीनवर पुन्हा टाइप केलं. मशीनने मिनिटभरात आकडे दिले. ते ताईंनी स्क्रीनवरून वाचून पुन्हा सॉफ्टवेअरमध्ये भरले, प्रिंट काढली, आणि प्रिंट वर गेल्यावर सिस्टरांनी त्यातले चार आकडे केसपेपरवर उतरवले. मशीनचं काम मिनिटाचं, उरलेला पाऊण तास माणसं तेच ते लिहीत होती.

तुम्ही बीसीएस किंवा इंजिनिअरिंग करून एखाद्या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत लागला असाल आणि साहेबांनी ‘तेवढं लॅबचं इंटिग्रेशन (मशीन आणि सॉफ्टवेअरची जोडणी) बघून घे’ म्हणून फाइल हातात दिली असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. एक गोष्ट आधीच सांगतो. तार जोडायला अर्धा दिवस लागतो. तारेतून जे जातं त्याचा अर्थ दोन्ही टोकांना एकच लागतो का, हे बघण्यात महिने जातात. स्टँडर्ड, म्हणजे बोलायची ठरलेली पद्धत, वाक्याचं व्याकरण देतं. बोलायचं काय, ते तुम्हालाच ठरवावं लागतं.

पहिली पायरी: लॅपटॉप गाडीतच राहू द्या

पहिला दिवस काउंटरवर बसून काढा. एक केस नोंदणी, एक लॅब, एक वॉर्ड, एक बिलिंग, अशी चक्कर मारा आणि कागदावर बाण काढा. पेशंटची पहिली नोंद कुठे होते? नाव चुकलं तर कोण दुरुस्त करतं, आणि ती दुरुस्ती कुठे कुठे पोचायला हवी? टेस्टची ऑर्डर जन्माला कुठे येते?

हा शेवटचा प्रश्न सोपा वाटतो आणि तोच सगळ्यात जास्त दमवतो. मॅनेजर सांगतात की ऑर्डर डॉक्टर देतात. प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी बिल फाटलं की ऑर्डर तयार होते. मग रात्री दोनला इगतपुरीहून अपघाताची केस आली आणि बिलिंगला कोणी नसलं, तर टेस्ट होते कशी? होतेच, कारण लॅबवाले चिठ्ठीवर सॅम्पल लावतात. म्हणजे तुमच्या सिस्टिममध्ये ऑर्डर नसताना रिझल्ट येणार. तो कुठे ठेवायचा हे आत्ताच विचारून ठेवा, नाहीतर गो-लाइव्हच्या, म्हणजे जोडणी चालू केल्याच्या पहिल्याच रात्री फोन येईल.

दुसरी पायरी: कोण कोणती भाषा बोलतं ते ओळखा

एका मध्यम हॉस्पिटलात तीन-चार भाषा एकाच वेळी चालू असतात. लॅबची जुनी मशीनं एएसटीएम बोलतात, नवी बहुतेक एचएल७ ची दुसरी आवृत्ती. एक्स-रे, सीटी, एमआरआय हे सगळे डायकॉम बोलतात, ती प्रतिमांची भाषा. सरकारी आयुष्मान भारत डिजिटल मिशनशी बोलायचं तर एफएचआयआर लागतं, ज्याला सगळे ‘फायर’ म्हणतात.

एचएल७ ही अमेरिकेत १९८७ साली सुरू झालेली संस्था. नावातला सात म्हणजे नेटवर्कच्या सात थरांतला सर्वात वरचा, ॲप्लिकेशनचा थर. तिच्या स्टँडर्डची दुसरी आवृत्ती म्हातारी झाली असली तरी जगभरात रोजचं ओझं तीच वाहते. तिसरी आवृत्ती इतकी जड निघाली की रोजच्या मेसेजसाठी फारशी रुजली नाही. तुम्ही तिच्या वाटेला जाऊ नका. २०११ च्या सुमारास ऑस्ट्रेलियाच्या ग्रॅहम ग्रीव्ह यांनी वेबच्या पद्धतीने सगळं नव्याने मांडलं, ते फायर. नवीन मुलं फायरपासून सुरुवात करू पाहतात. त्यांना माझा सल्ला उलटा असतो: आधी दुसरी आवृत्ती वाचायला शिका, कारण उद्या सकाळी तुमच्यासमोर जे मशीन असेल ते फायर बोलत नसेल.

तिसरी पायरी: मशीन

सर्व्हिस इंजिनिअरकडून ‘होस्ट इंटरफेस मॅन्युअल’ मागून घ्या. ब्रोशर दिलं तर परत करा. त्याच दमात विचारा, मशीन युनि-डायरेक्शनल जोडायचं की बाय-डायरेक्शनल? पहिल्या प्रकारात मशीन फक्त रिझल्ट पाठवतं. दुसऱ्यात ते ट्यूबवरचा बारकोड वाचून तुमच्या सॉफ्टवेअरला विचारतं, ‘या सॅम्पलवर काय काय लावायचं?’ ताईंचं टाइपिंग खऱ्या अर्थाने दुसऱ्या प्रकारातच वाचतं. त्यासाठी ट्यूबवर बारकोड हवा, आणि तो रक्त घेतलं त्या जागीच चिकटलेला हवा. लॅबमध्ये ट्यूब आल्यावर बारकोड लावणार असाल तर अदलाबदलीचा धोका जसाच्या तसा राहिला.

जुन्या मशीनच्या मागे नऊ पिनांचं सीरियल पोर्ट असतं. बॉड रेट (बऱ्याचदा ९६००), डेटा बिट, पॅरिटी, स्टॉप बिट हे चारही दोन्हीकडे सारखे हवेत. एक जरी चुकलं तर स्क्रीनवर कचरा दिसतो. एएसटीएमचं संभाषण मोठं शिस्तीचं असतं. मशीन आधी ईएनक्यू पाठवतं, म्हणजे ‘बोलू का?’ तुम्ही एसीके द्यायचं, ‘बोल.’ मग ते एकेक फ्रेम पाठवतं आणि प्रत्येक फ्रेमला तुमच्याकडून एसीकेची वाट बघतं. रेकॉर्डही साधे असतात: एच म्हणजे हेडर, पी पेशंट, ओ ऑर्डर, आर रिझल्ट, एल शेवट. एक दिवस नुसतं ऐकत बसा आणि आलेला सगळा मजकूर फाइलमध्ये साठवा. ती फाइल पुढचे सहा महिने उपयोगी पडते.

चौथी पायरी: एक ओळ नीट वाचा

एचएल७ चा मेसेज ओळींचा बनलेला असतो. एमएसएच ही पहिली ओळ पाकिटासारखी: कोणी पाठवलं, कोणाला, कधी, कशाबद्दल. पीआयडी म्हणजे पेशंट, ओबीआर म्हणजे कोणती टेस्ट, ओबीएक्स म्हणजे प्रत्यक्ष निकाल. रकाने उभ्या दांडीने वेगळे होतात आणि रकान्यातले भाग टोपीसारख्या चिन्हाने. खरा मेसेज रोमन अक्षरांत असतो. इथे एक ओळ देवनागरीत उतरवतो:

ओबीएक्स|१|एनएम|७७७-३^प्लेटलेट्स^एलएन||४२|१०*३/यूएल|१५०-४१०|एलएल|||एफ

दुसरा रकाना सांगतो की उत्तर आकडा आहे. तिसऱ्यात टेस्टचा लॉइंक कोड (लॉइंक काय, ते पाचव्या पायरीत). पाचव्यात ४२. सहाव्यात एकक, म्हणजे एका मायक्रोलीटरमध्ये इतके हजार. मग नॉर्मल रेंज, धोक्याइतकं कमी असल्याची खूण, आणि अकराव्या रकान्यात एफ, म्हणजे निकाल फायनल.

आता गंमत बघा. पावसाळा संपत आला की नाशकात घराघरात प्लेटलेट्सची भाषा सुरू होते, आणि ती लाखांत असते. ‘दीड लाख होत्या, आज चाळीस हजारांवर आल्या.’ आमच्या एका जोडणीत हॉस्पिटलच्या सॉफ्टवेअरमध्ये प्लेटलेट्सचा रकाना लाखांत होता आणि एकपेक्षा कमी आकडा आला की तो लाल व्हायचा. मशीनकडून आला ४२, एककाचा रकाना मी वाचलाच नव्हता. बेचाळीस एकपेक्षा मोठा, म्हणून स्क्रीन शांत पांढरी. चाचणी चालू होती म्हणून निभावलं. ताई म्हणाल्या, ‘सर, हा पेशंट डेंग्यूचा आहे आणि तुमचं सॉफ्टवेअर म्हणतंय सगळं बरंय.’ तिथे ०.४२ दिसायला हवं होतं.

तेव्हापासून एक नियम पाळतो. आकडा एककाशिवाय कधीच साठवायचा नाही. एकक बदलायचं तर ते एकाच ठिकाणी, आणि ज्या कागदावर ते गणित लिहिलंय त्यावर पॅथॉलॉजिस्टची सही. एककं लिहिण्यासाठी यूकम नावाची पद्धत आहे, तीच वापरा. स्वतःची स्पेलिंगं शोधून काढू नका.

पोचपावतीबद्दलही बोललं पाहिजे. प्रत्येक मेसेजला समोरून एसीके येतं: एए म्हणजे स्वीकारलं, एई म्हणजे चूक, एआर म्हणजे नाकारलं. नवीन माणूस मेसेज हातात पडताच एए पाठवून मोकळा होतो आणि मग डेटाबेसमध्ये लिहायला जातो. नेमकी तेव्हा लाइट गेली की रिझल्ट हवेत विरला, आणि पाठवणाऱ्याला वाटतं पोचला. आधी साठवा, मग एए द्या. पावती परत जाताना हरवली तर तोच मेसेज पुन्हा येईल. त्यासाठी एमएसएचच्या दहाव्या रकान्यातला कंट्रोल आयडी बघा आणि दुसऱ्यांदा आलेला मेसेज ओळखून बाजूला ठेवा.

पाचवी पायरी: कोडचा तक्ता, म्हणजे खरं काम

लॅबमध्ये तीच टेस्ट ‘बीएसएल फास्टिंग’, ‘एफबीएस’, ‘शुगर उपाशी’ अशा तीन नावांनी असते. लॉइंक हा अशा टेस्टना जगभर एकच नंबर देणारा तक्ता. अमेरिकेतल्या रेगेनस्ट्रीफ इन्स्टिट्यूटने तो १९९४ मध्ये सुरू केला. हिमोग्लोबिन ७१८-७, क्रिएटिनिन २१६०-०, एचबीए१सी ४५४८-४. निदानं आणि लक्षणं यांच्यासाठी स्नोमेड सीटी, विम्याच्या आणि सरकारी आकडेवारीच्या कामाला आयसीडी-१०. भारत स्नोमेडचा सदस्य देश असल्याने नोंदणी केली की इथे वापराचा परवाना मोफत मिळतो. ‘स्नोमेड महाग आहे’ असं कोणी सांगितलं तर ते दुसऱ्या देशाचं बोलत आहेत.

एक्सेल उघडा. पहिल्या स्तंभात लॅबचं नाव, मग मशीनचा कोड, लॉइंक, एकक, आणि शेवटी ‘कोणी तपासलं’. सगळ्या टेस्ट एकदम घेऊ नका. महिन्याच्या बिलांतून सर्वाधिक होणाऱ्या पन्नासेक काढा आणि त्याच आधी जुळवा. नावावरून अंदाज करू नका. रक्तातली साखर आणि लघवीतली साखर यांचे कोड वेगळे असतात, हे अंदाजाने चुकतं. पॅथॉलॉजिस्ट डॉक्टरांना दुपारी जेवणानंतरचा अर्धा तास मागा. तेव्हा ते शांत असतात.

माणूस कोण, हे आधी

याला पायरी म्हणत नाही, कारण हे प्रत्येक पायरीला आडवं येतं. मी सुरुवातीला नाव आणि जन्मतारीख जुळली की तोच पेशंट असं धरलं होतं. इंग्रजी पुस्तकांतून हीच पद्धत शिकलो होतो. पण आपल्याकडे शाळेत घालताना गुरुजींनी लावलेली १ जून ही तारीख किती जणांची आहे, हे महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला सांगायला नको. एकाच तालुक्यातल्या, एकाच नावा-आडनावाच्या, दोघीही १ जूनच्या बायका. माझ्या कोडने एकीचा थायरॉइडचा रिपोर्ट दुसरीच्या फाइलला लावला. काउंटरवरच्या पोराच्या लक्षात आलं म्हणून निभावलं.

म्हणून जुळणी हॉस्पिटलच्या युएचआयडीवरच, म्हणजे हॉस्पिटलने पेशंटला दिलेल्या नंबरवरच करा. नाव, तारीख, मोबाइल हे फक्त ‘हाच का?’ असं माणसाला विचारण्यापुरते. सोनवणे आणि सोनावणे हे रोमन लिपीत चार प्रकारे लिहिले जातात, आणि मोबाइल घरात एकाचाच असतो.

दुसरा नाशिकचा खास प्रश्न सिंहस्थाचा. २०२७ च्या पर्वण्यांना बाहेरगावचे यात्रेकरू येतील, त्यातले काही बेशुद्ध, काही घरच्यांपासून चुकलेले. तात्पुरत्या नंबरवर नोंद होणार आणि दोन दिवसांनी खरं नाव कळणार. एचएल७ मध्ये दोन नोंदी एक करण्यासाठी एडीटी ए४० नावाचा मेसेज आहे. तुमचं लॅब सॉफ्टवेअर तो समजतं का, हे आत्ताच तपासा. व्हेंडर, म्हणजे ते सॉफ्टवेअर विकणारा, ‘हो’ म्हणेल. करून दाखवायला सांगा.

आणि हो, देवनागरी नाव पाठवणार असाल तर एमएसएचच्या अठराव्या रकान्यात युनिकोड यूटीएफ-८ असं स्पष्ट लिहा आणि दोन्ही टोकांना तेच वाचलं जातंय ना ते बघा. नाहीतर सावित्रीबाईंच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं छापून येतात. जुन्या मराठी फॉन्टमध्ये साठवलेली नावं तर युनिकोड नसतातच. ती आधी बदलून घ्यावी लागतात.

फायर शिकायचं ते असं

फायरमध्ये प्रत्येक गोष्ट एक रिसोर्स, म्हणजे ठरलेल्या साच्यातली नोंद असते: पेशंट, ऑब्झर्व्हेशन, एन्काउंटर, डायग्नॉस्टिक रिपोर्ट. वरचीच प्लेटलेट्सची ओळ इथे ऑब्झर्व्हेशन होते: स्टेटस फायनल, कोड ७७७-३, सब्जेक्टमध्ये पेशंटचा पत्ता, व्हॅल्यू ४२ आणि शेजारी एकक. दुसरी आवृत्ती कळली असेल तर हे दोन दिवसांत कळतं.

पोस्टमन हे सर्व्हरला विनंत्या पाठवून बघायचं सॉफ्टवेअर उघडा, ‘हॅपी फायर’चा सार्वजनिक चाचणी सर्व्हर घ्या आणि एक पेशंट तयार करा. सर्व्हरकडून २०१, म्हणजे ‘नोंद तयार झाली’, असं उत्तर आलं की झालं. मग त्याच्या नावे एक ऑब्झर्व्हेशन टाका, मग ते शोधून काढा. तो सर्व्हर साऱ्या जगाला दिसतो, त्यामुळे खऱ्या पेशंटचं एक अक्षरही तिथे टाकू नका. खोट्या पेशंटसाठी सिंथिया नावाचं मोफत साधन आहे. त्यातून माणसं मॅसॅच्युसेट्सची निघतात. मी गावं बदलून निफाड-सिन्नर करून घेतो, म्हणजे डेमोला डॉक्टरांना आपलं वाटतं.

हेच पथ्य खऱ्या कामातही पाळा. रिपोर्टचा स्क्रीनशॉट व्हेंडरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायची सवय सगळीकडे आहे. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे तो आहेच, पण तो नसता तरी कोणाचा एचआयव्हीचा रिपोर्ट ग्रुपवर फिरणं हे वाईटच.

आभाशी जोडायचं असेल तर

आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर २७ सप्टेंबर २०२१ ला सुरू झालं. पेशंटचा आभा नंबर, म्हणजे त्याच्या आरोग्य खात्याचा नंबर, १४ आकडी. रिपोर्ट दिल्लीतल्या एका मोठ्या कॉम्प्युटरवर जाऊन साठतात असा समज आहे, तो चूक आहे. रेकॉर्ड हॉस्पिटलकडेच राहतं. पेशंटने संमती दिली की मागणाऱ्याकडे एन्क्रिप्ट होऊन जातं.

काम तीन टप्प्यांत होतं आणि त्यांना एम१, एम२, एम३ म्हणतात. एम१ मध्ये आभा तयार करणं आणि पडताळणं. एम२ मध्ये तुमचं हॉस्पिटल रेकॉर्ड देऊ लागतं, एम३ मध्ये दुसरीकडचं रेकॉर्ड संमतीने मागू लागतं. आधी सँडबॉक्समध्ये, म्हणजे मिशनच्या चाचणीच्या जागेत नोंदणी करा. हॉस्पिटलचं नाव हेल्थ फॅसिलिटी रजिस्ट्रीत आणि डॉक्टरांचं प्रोफेशनल्स रजिस्ट्रीत आहे का ते पहिल्या आठवड्यात विचारा. कागदपत्रं जमवायला कोडपेक्षा जास्त वेळ लागतो.

एम२ ला लोक अडकतात ते ‘केअर कॉन्टेक्स्ट’वर. साधी गोष्ट आहे: एक ओपीडी भेट किंवा एक ॲडमिशन म्हणजे एक केअर कॉन्टेक्स्ट. प्रत्येक रिपोर्टला वेगळा करत बसलात तर पेशंटच्या ॲपमध्ये एका ॲडमिशनच्या चाळीस नोंदी दिसतील. इथे फायरची चौथी आवृत्ती, म्हणजे आर४, चालते. भारतासाठीचे साचे पुण्याच्या सी-डॅकमधल्या एनआरसीईएस या केंद्राने बनवले आहेत: ओपी कन्सल्टेशन, प्रिस्क्रिप्शन, डिस्चार्ज समरी वगैरे. ते उतरवून घ्या आणि पाठवण्याआधी तुमचा बंडल, म्हणजे रिसोर्सेसचा गठ्ठा, साचा तपासणाऱ्या व्हॅलिडेटरमधून काढा.

एक्स-रे, सीटी

डायकॉमबद्दल थोडक्यात. १९८५ च्या एसीआर-नेमा स्टँडर्डमधून ते पुढे आलं आणि १९९३ पासून या नावाने चालतं. प्रत्येक यंत्राला एक एई टायटल, म्हणजे नेटवर्कवरचं नाव असतं, जास्तीत जास्त १६ अक्षरांचं, आणि कॅपिटल-स्मॉल चुकलं तरी नकार येतो. आयपी, पोर्ट, एई टायटल या तीन गोष्टी कागदावर घ्या आणि सर्वात आधी सी-एको करा. ते पिंगसारखं असतं. ते होत नाही तोवर बाकी काही करू नका. सरावाला ऑर्थँक हा मोफत सर्व्हर लॅपटॉपवर चालतो. टेक्निशियन सीटीच्या कन्सोलवर नाव हाताने टाइप करत असेल, तर मोडॅलिटी वर्कलिस्ट, म्हणजे कन्सोलला पेशंटची यादी आपोआप देणारी सोय, जोडून द्या. वर सांगितलेला ओळखीचा सगळा घोळ तिथेही होतो.

मध्ये इंटिग्रेशन इंजिन, म्हणजे सिस्टिममधले मेसेज इकडून तिकडे पोचवणारं तयार सॉफ्टवेअर, घ्यायचं का? दोन सिस्टिम असतील तर स्वतःचा कोड पुरतो. चार झाल्या की इंजिन घ्या. इंटरनेटवरचे धडे मिर्थ कनेक्ट या इंजिनचे भरपूर मिळतात, पण २०२५ मध्ये आलेल्या ४.६ आवृत्तीपासून ते ओपन सोर्स राहिलेलं नाही, हे बजेट मांडताना लक्षात ठेवा.

चालू करायचा दिवस

सोमवारी करू नका, ओपीडी तुंबलेली असते. शनिवारीही नको, रविवारी कोणी फोन उचलत नाही. मी मंगळवार धरतो.

त्याआधी ताईंना बसवून मुद्दाम वाकडे प्रकार चालवून बघा. ऑर्डर नसलेला रिझल्ट. दोनदा आलेला रिझल्ट. आधी पी म्हणजे प्राथमिक आणि नंतर फायनल झालेला. फायनल झाल्यावर दुरुस्त केलेला, ज्याला अकराव्या रकान्यात सी येतो. यात जुना आकडा पुसून टाकायचा नाही, दोन्ही दिसले पाहिजेत, कारण जुना बघून कोणी औषध दिलेलं असू शकतं. ‘पाचपेक्षा कमी’ असं चिन्हासकट आलेलं उत्तर. आणि नेटवर्कची वायर काढून दहा मिनिटांनी परत लावणं.

दोन आठवडे जुनी पद्धत शेजारी चालू ठेवा. ताई कुरकुर करतील, चहा पाजा. रोज संध्याकाळी मशीनमध्ये किती सॅम्पल लागले आणि हॉस्पिटलच्या सॉफ्टवेअरमध्ये किती पोचले हे दोन आकडे वहीत लिहा. ते जुळले नाहीत तर घरी जायचं नाही.

अडकलेले मेसेज रोज कोण बघणार, त्याचं नाव ठरवा. ‘आयटी डिपार्टमेंट’ हे नाव चालत नाही. मशीनच्या शेजारी भिंतीवर एक कागद चिकटवा: जोडणी बंद पडली तर सॅम्पल थांबवायचं नाही, रिपोर्ट मशीनवरून प्रिंट करायचा, युएचआयडी हाताने लिहायचा, आणि फोन या नंबरवर करायचा. तो कागद मराठीत लिहा, मोठ्या अक्षरांत. रात्रपाळीला जे मामा असतात, त्यांना तो वाचता आला पाहिजे.